ब्रेकवरची पट्टी

शंकर उबाळे गाडी अनवाणी चालवायचा. आत बसलं की चपला सीटच्या मागे सरकवायच्या, दोन्ही तळवे एकमेकांवर घासून धूळ झटकायची आणि मगच किल्ली फिरवायची, हा त्याचा तेवीस वर्षांचा शिरस्ता. बूट घालून गाडी चालवणं म्हणजे हातमोजे घालून भाकरी थापणं, असं तो म्हणायचा. बूटवाला ड्रायव्हर सिग्नलला शेजारी आला की त्याच्याकडे असा बघायचा, की त्या बिचाऱ्याला आपल्या हातून काहीतरी पाप घडल्यासारखं वाटावं.

तो राहायचा उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात आणि नोकरीला होता अंबरनाथ पश्चिमेला, हेमचंद्र प्रधानांच्या घरी. प्रधानसाहेब केमिकल कंपनीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. त्यांची बायको कुंदावहिनी अगदी उलट. त्या गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोलायच्या आणि शंकर आरशातून मान हलवायचा. साहेबांच्या तीन गाड्या झाल्या, ड्रायव्हर तोच राहिला. तिन्ही गाड्या विकताना दलालाला एक ओरखडा सापडला नव्हता. ही गोष्ट शंकर कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. गर्विष्ठ होता, असंच म्हणायला हवं. पण माणसाकडे गर्व करण्यासारखं एकच काही असलं, तर त्याने तो करावा, आपण का तोंड वाकडं करावं.

साहेबांचा एकुलता एक मुलगा उन्मेष, त्याला गाडी शंकरनेच शिकवली. अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला वांगणीच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं आणि पहिला धडा दिला, "टाच जमिनीवर ठेवायची. अक्सलेटरवरून ब्रेकवर जाताना टाच उचलायची नाही, नुसता पंजा वळवायचा. टाच हलली की कान पिळणार." दोनतीनदा खरंच पिळला. पोरगं शिकलं, इंजिनिअर झालं, पुण्याला गेलं. राजसीशी लग्न झालं, ओवी नावाची मुलगी झाली. तरी गाडीत बसला की आधी टाच टेकवायचा आणि हसून म्हणायचा, "बघा शंकरकाका, हलली का?"

असं सगळं ठीक चाललेलं असताना, एका वर्षी गणपतीच्या आधी, शंकर एका संध्याकाळी घरी आला. हातपाय धुऊन चहा प्यायला बसला. त्याची बायको अंजना कपडे घेऊन बाहेरून आली आणि दारातच थबकली.

"अहो, हे रक्त कुठनं आलं?"

दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून शंकर बसला होता तिथपर्यंत एका पावलाचे लाल ठसे उठले होते. त्याने पाय उलटा करून पाहिला. उजव्या तळव्यात स्क्रू रुतला होता, चांगला अर्धा आत. कधी रुतला, कुठे रुतला, त्याला ठाऊक नव्हतं. चपलेत रक्त थिजलं होतं, म्हणजे निदान स्टेशनपासून तरी तो त्याच स्क्रूवर चालत आला होता.

साखर होती, हे त्याला चारपाच वर्षांपासून माहीत होतं. गोळी आठवली तर घ्यायची, असं चाललं होतं. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले. "काका, मी पायाला दोरा टोचते. लागलं की हो म्हणा." शंकर डोळे मिटून बसला. वाट बघत राहिला. बाई सुरुवात का करत नाहीत ते त्याला कळेना. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, टोचताय ना?" बाई हळूच म्हणाल्या, "झालं काका. डोळे उघडा."

डाव्या पायात थोडी जाण होती. उजवा मात्र घोट्यापासून खाली गेलेला. अनवाणी चालायचं नाही, मऊ तळाच्या जाड चपला घालायच्या, आणि गाडी चालवणं सोडायचं, असं बाईंनी सांगितलं. पहिल्या दोन गोष्टी त्याने अंजनाला सांगितल्या. तिसरी सांगितली नाही.

त्याच्यावर रागावणं सोपं आहे. पण चोपन्न वर्षांच्या ड्रायव्हरने गाडी सोडायची म्हणजे करायचं काय? सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे? पोट कसं भरेल ही काळजी त्याला नव्हती. मुलगी उन्नती नर्स होती, हाताशी आली होती. त्याला भीती होती ती निराळीच. पुरुष म्हणून, बाप म्हणून, वस्तीतला माणूस म्हणून तो जो काही होता तो त्या सीटवर होता. तिथून उठवला, तर खाली कोण उतरणार होतं ते त्याला माहीत नव्हतं.

तो चालवत राहिला आणि चार दिवसांतच घाबरला. पाय ब्रेकवर आहे की अक्सलेटरवर, ते खाली बघितल्याशिवाय कळेना. मग गाडी चालवता चालवताच त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. पावलाला कळत नव्हतं, पण गुडघ्याला कळत होतं. पाय किती उचलला, ते मांडी सांगायची. म्हणजे ब्रेक जर अक्सलेटरपेक्षा चांगला वर असला, पायरीसारखा, तर गुडघा चुकणार नाही.

उल्हासनगरात राजू नावाचा सिंधी मेकॅनिक होता, शंकरचा जुना दोस्त. शंकरने त्याला गाडीखाली नव्हे, गाडीत डोकं घालायला लावलं.

"ब्रेक वर घे. दीड इंच."

"दीड? शंकरभाय, पागल झाला का? पाव अटकेल ना."

"माझा नाही अडकणार. मी उचलून ठेवतो."

"और दुसरा कोई बैठा तो?"

"दुसरं कोण बसतंय त्या गाडीत," शंकर म्हणाला.

राजूने ब्रेकच्या पॅडलवर लोखंडी जाड पट्टी ठेवली, दोन क्लॅम्पने कसली, वर रबर ओढलं. भोक पाडलं नाही, वेल्डिंग केलं नाही. दहा मिनिटांत निघेल असं काम. शंकरने कॅम्पातल्या गर्दीतून एक फेरी मारली. गुडघा उचलला की ब्रेक, टेकवला की अक्सलेटर. एकदाही चुकलं नाही. परत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते, आणि राजूने ते न बघितल्यासारखं केलं.

आठ महिने निभावलं. उन्मेष दिवाळीला यायचा होता, तेव्हा शंकरने आदल्या दिवशी पट्टी काढून ठेवली आणि तो गेल्यावर परत लावली. इतका तो सावध होता. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

बुद्ध पौर्णिमेला शंकरची सुट्टी ठरलेली असायची. त्या दिवशी सकाळी वस्तीतल्या विहारात वंदना झाली, आणि खिरीच्या पातेल्याशी शंकर उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात, हातात डाव घेऊन. समोर रांग लागलेली. तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"शंकर, अरे उन्मेष आलाय अचानक! सांगितलं नाही, काही नाही. आम्ही बदलापूरला जातोय ताईकडे. गाडी तोच नेतोय. तू येऊ नकोस हं, सण आहे तुझा."

शंकरच्या तोंडात वाक्य आलं होतं. *वहिनी, थांबा, ब्रेकचं थोडं काम निघालंय, मी येतो.* एवढंच म्हणायचं होतं. खरं कारण सांगायचीही गरज नव्हती. पण मागे माईकवर भाषण चाललेलं, पुढे बाया वाट्या पुढे करताहेत, आणि मनात एक चोर बसलेला, की आत्ता बोललो तर वहिनी विचारतील, काय काम, कधी निघालं, साहेब गाडीत वाकून बघतील. बदलापूर काय, हाकेच्या अंतरावर. पोरगं हुशार आहे. मीच शिकवलंय.

"बरं, वहिनी," तो म्हणाला. आणि पुढच्या वाटीत खीर वाढली.

बदलापूरला जाताना उन्मेषला ब्रेक जरा अवघड वाटला, पण या गाडीची सवय सुटली म्हणून असेल असं समजून त्याने धकवून नेलं. जाऊन सुखरूप परत आलेही. घरापाशी वहिनी गेट उघडायला उतरल्या, गेट ढकललं आणि आत भिंतीला लागून उभ्या राहिल्या. उन्मेषने गाडी हळूहळू आत घेतली, आणि थांबवायला टाच तशीच टेकलेली ठेवून पंजा डावीकडे वळवला. जसा बारा वर्षं वळवत आला होता तसाच. पंजा पट्टीच्या कडेला अडकला, ब्रेकवर चढलाच नाही, आणि घाबरून त्याने जोर दिला तो अक्सलेटरवर. गाडी उसळली. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये वहिनी होत्या.

जीव वाचला. खुबा आणि मांडीचं हाड यांचा चुरा झाला होता. दोन ऑपरेशनं झाली, सळ्या घातल्या, आणि शेवटी डॉक्टरांनी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की आता चालणं व्हायचं नाही. ज्या बाईला एका जागी बसून भाजी निवडणं जमायचं नाही, ती खिडकीशी पलंगावर पडली.

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी गाडी दुरुस्तीला न्यायचं काम शंकरकडेच आलं. तो थेट राजूकडे गेला.

"ती पट्टी काढ."

"क्यों, पाव ठीक झाला?"

"हो," शंकर म्हणाला.

राजूने पट्टी काढून भंगारात टाकली, पॅडलला कोरं रबर चढवलं. पुरावा म्हणण्यासारखं जे काही होतं ते तिथे संपलं. शंकरने हे विचार करून केलं का? तो म्हणतो, नाही. हात आपोआप झाले. मला ते खरं वाटतं. पण हात आपलेच असतात.

उन्मेष पुण्याहून काम आणून घरी बसला. शंकर रोज यायचा, वहिनींना दवाखान्यात न्यायचा, आणि रोज बघायचा. उन्मेष आईचं सगळं स्वतः करायचा, तिची पाठ पुसायचा, भांडं द्यायचा. ओवी चार वर्षांची. ती "बाबा, उचल" म्हणाली की तो खाली बसून तिच्याशी बोलायचा, पण तिला घेऊन दोन पायऱ्यासुद्धा उतरायचा नाही. राजसी एकदा दारात शंकरला म्हणाली, "काका, पुण्याची गाडी विकली त्याने. बाइकपण. म्हणतो, माझ्या पायावर माझा भरवसा नाही."

येईल त्याला उन्मेष एकच सांगायचा, "मी चालवत होतो. माझा पाय चुकला." एका दुपारी शंकरशेजारी ओट्यावर बसून म्हणाला, "काका, तुम्ही इतकं शिकवलंत. टाच नाही हलवली हो मी. तरी कसा चुकलो?" आणि रडायला लागला, मोठ्याने, शेजाऱ्यांनी खिडक्यांतून बघावं असं.

शंकरला ते सहन झालं नाही. आणखीही एक झालं होतं. पट्टी काढल्यापासून तो नुसत्या नजरेच्या जोरावर गाडी चालवत होता, आणि आदल्याच दिवशी मागे वहिनी झोपलेल्या असताना त्याचा पाय अक्सलेटरवर होता आणि त्याला वाटत होतं ब्रेकवर आहे. रिक्षा हातभर अंतराने वाचली. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तो साहेबांच्या समोर उभा राहिला. उन्मेष तिथेच होता. आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

सगळं सांगितलं. साखर, स्क्रू, राजू, दीड इंच, खीर, फोन. सांगताना तो साहेबांच्या पायांकडे बघत होता.

साहेब उठले. बॅटरी घेऊन खाली गेले, गुडघे दुखत असताना गाडीत वाकून बसले आणि पॅडलं तपासली. वर आले.

"सगळं कंपनीचं आहे. क्लॅम्पची खूणही नाही."

"काढली मी, साहेब. राजूला विचारा."

"राजू काय, तुमच्यासाठी काहीही बोलेल," उन्मेष म्हणाला. रागाने नाही. अगदी मायेने.

"पायाला कळत नाही मला, साहेब. खरंच."

"मग आठ महिने गाडी कशाने चालवलीस?"

"गुडघ्याने."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते कधी नव्हे ते शंकरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शंकर, पुरे. तुझं मन कळलं."

गोष्ट अशी होती, की शंकर पूर्वी एकदा खोटं बोलला होता. शिकत असताना उन्मेषने साहेबांची पहिली गाडी खांबाला घासली होती, आणि शंकरने ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. ओरखडा रातोरात बुजवला, पण बोलणी खाल्ली. पुढे वर्षभराने उन्मेषनेच ते जेवताना कबूल केलं, आणि तेव्हापासून त्या घरात ती गोष्ट कौतुकाने सांगितली जायची. शंकरकाका आमच्यासाठी काहीही अंगावर घेतील. तेच आता झालं. तो खरं बोलला, आणि त्या घराने त्याला नेहमीसारखा चांगला माणूस ठरवून टाकलं.

उन्मेषने त्याला मिठी मारली. "काका, नका करू असं. तुम्ही असं बोललात की मला आणखी लाज वाटते."

शंकरने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि आता आपण चालवणार नाही म्हणाला. तेही त्यांना दुःखाने म्हणतोय असंच वाटलं. चपला घालायला वाकला, तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. "शंकर, इकडे ये. दार लोट."

त्या छताकडे बघत पडल्या होत्या. दोन महिन्यांत केस सगळे पांढरे झाले होते.

"मी फोन केला तेव्हा तू गप्प होतास. थोडा वेळ. मला वाटलं रेंज गेली." त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "खरं आहे ना ते?"

"खरं आहे, वहिनी."

शंकर उभ्याचा खाली बसला, पलंगाच्या पायाशी, आणि माफी मागायला लागला. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ते नको. मला काय करायचीय तुझी माफी? माझा पाय नाही यायचा त्याने. माझं पोर त्या पायापायी खंगतंय, ते बघ. मी सांगितलं तर म्हणेल, आई माझं मन राखते. तू सांग. आज नाही पटलं तर उद्या सांग. पटेपर्यंत सांगायचं. काय वाटेल ते झालं तरी थांबायचं नाहीस तू."

"हो, वहिनी."

"आणि माझ्यासमोर रडू नकोस."

पावसाळ्यानंतर उन्मेष पुण्याला परत गेला. शंकर दर रविवारी दुपारी त्याला फोन करायचा. अंजना ताटं उचलत असायची आणि हा दारात पायरीवर बसून, जाड चपलांतले पाय पुढे सोडून, तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. "दादा, पट्टी होती. मी लावली होती." उन्मेष ऐकून घ्यायचा. "हो काका. साखर किती आहे? गोळ्या घेता ना?" पुढच्या रविवारी पुन्हा. "दादा, तुझा पाय नव्हता चुकला." "बरं काका. जेवलात?" असे अकरा रविवार गेले. अंजना म्हणाली, "अहो, त्याला छळताय तुम्ही." तो म्हणाला, "मला सांगितलंय."

बाराव्या रविवारी त्याने बोलता बोलता नवं काहीतरी सांगितलं, मुद्दाम नाही, आठवलं म्हणून. "राजूने पट्टीची कड घासली नव्हती. घाई होती. उजवीकडची कड रबराबाहेर तशीच राहिली, धार होती तिला. माझंही बोट कापलं होतं दिवाळीला काढताना."

पलीकडून नेहमीचं 'बरं काका' आलं नाही.

"दादा?"

"कुठली बाजू म्हणालात?"

"उजवी. अक्सलेटरकडची."

"थांबा." पावलं वाजली, कपाट उघडल्याचा आवाज झाला. शेवटी उन्मेष बोलला, पण त्याचा आवाज आता साहेबांसारखा झाला होता. "त्या दिवशीचा बूट आहे माझ्याकडे. टाकला नाही. अंगठ्याजवळ आतल्या बाजूला चीर आहे, सरळ, सुरीने कापल्यासारखी. मला वाटायचं, आईला काढताना कशाला तरी लागला असेल."

शंकरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आईने फोन केला होता ना तुम्हाला? निघायच्या आधी?"

"केला होता."

"आणि तुम्ही बरं म्हणालात."

"हो, दादा."

फोन बंद झाला. शंकर फोन हातात धरून बसून राहिला. अंजनाने विचारलं, काय झालं, तर म्हणाला, "पटलं."

पुढच्या रविवारी उन्मेषने फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग शंकर शेअर रिक्षाने अंबरनाथला गेला. साहेबांनी दार उघडलं, त्याला आत घेतलं, पण बसवायचं विसरून खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांना कळलं होतं.

वहिनी आतून म्हणाल्या, "ये." त्यांच्या उशाशी मोबाईल होता. त्यांनी त्यावर राजसीने पाठवलेला व्हिडिओ लावला आणि त्याच्यापुढे धरला. पुण्याचा कुठलासा रस्ता, सकाळची वेळ. कुणाची तरी मागून आणलेली लाल गाडी, मागच्या सीटवर ओवी गणवेशात, बोटं खिडकीच्या काचेला लावून. स्टिअरिंगवर उन्मेष. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. गाडी कासवाच्या चालीने निघाली, वळणापाशी थांबली, पुन्हा निघाली आणि दिसेनाशी झाली.

शंकरने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा तो फक्त गाडी वळणावर थांबते तेवढंच बघत होता. ब्रेक अलगद लागला होता, धक्का न देता.

"चांगला चालवतो," तो म्हणाला.

वहिनींनी मोबाईल छातीवर पालथा ठेवला. "आता त्याला फोन करू नकोस, शंकर. त्याने सांगायला सांगितलंय."

"नाही करत, वहिनी."

"आणि इथेही..."

"नाही येत," शंकर म्हणाला. तो उठला, दारापर्यंत गेला. साहेबांनी वळून बघितलं नाही. बाहेर येऊन त्याने चपला पायात घातल्या, त्या नीट बसल्यात का ते वाकून डोळ्यांनी पाहिलं, आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरला.